स्रोत : काय नाही

मिरजेच्या लॅबमध्ये मी प्रिंटर बघायला गेलो होतो.
काउंटरवर सुकुमार चौगुले. स्वभावानं गरीब,
पण पडद्यावर दिसेल ते मोठ्यानं वाचायची सवय.
नाव, वय, तपासणी,
आणि अगदी शेवटच्या रकान्यात, स्रोत.
"ते एचआयव्ही समुपदेशनवरनं आलेलं कोण हाय ओ?"
बाकावर सात माणसं. कुणी हललं नाही.
आठवी जिन्यात होती,
ती तिथूनच परत फिरली.
तिच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

त्याच रात्री अलका होवाळ हरिपूर रोडला
माझ्या पत्र्याच्या खोलीत आल्या.
चहा नको म्हणाल्या. म्हणाल्या,
आमच्या पानावरनं त्यांच्या पानावर माणूस जाऊ दे,
पण कुठनं आला, ते मागंच राहू दे. जमंल?
जमंल की, म्हणालो. एका ओळीचं काम.

एका ओळीचं काम अकरा दिवस चाललं.

क्रोमनं ऐकलं. फायरफॉक्सनं
न कुरकुरता ऐकलं.
जुन्या आयफोनवरची सफारी मात्र अर्धवट शहाणी,
गल्ली सांगितली नाही, गाव सांगून मोकळी झाली.
आणि दादांच्या फोनमध्ये कंपनीनं घालून दिलेला
कुठलासा ब्राउझर होता, त्यानं तर
पूर्ण पत्ता वाचून दाखवला, लग्नात आहेर पुकारावा तसा.

मग मधे एक कोरं पान घातलं.
त्यावर काही नाही. नाव नाही, रंग नाही,
पाऊण सेकंदाचं पांढरं.
आलेल्यानं तिथं टेकायचं, आणि पुढं जायचं,
पुढच्याला वाटावं, हा या पांढऱ्यातूनच आला.
तरी गळत होतं. मग त्या पानालाच सांगितलं,
आधी स्वतःच्या पाठीकडं बघ,
मागचं दिसत असेल तर स्वतःच्याच दारात
परत एकदा ये,
आणि मग सोड.

"दादा, फोन द्या जरा."
त्यांनी दिला. काचेवर पिवळा अंगठा.
मार्केट यार्डात चौतीस वर्षं हळदीची पोती,
आता साबणही पिवळा निघतो.
काय करतोस, म्हणाले.
म्हटलं, दारात आलेल्याला कुठनं आलास म्हणून
कुणी विचारू नये, त्याची सोय.
दादांनी तळहात पालथा केला, सुलटा केला,
आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

पुण्यात एकदा मला विचारलं होतं, मूळचे कुठले?
सांगली.
सांगलीत कुठं?
हरिपूरच्या बाजूला.
आणि वडील?
हळदीच्या व्यापारात, म्हणालो.
खोटं नव्हतं.
जुन्या सफारीसारखं होतं.

नदीचं मूळ विचारू नये, असं
म्हणायला सोपं आहे. संगमाच्या घाटावर
वारणेचं पाणी कृष्णेत जाताना
थोडा वेळ वेगळं दिसतं, गढूळ, बिचकलेलं.
पुढं म्हैसाळकडं कुणी ओंजळ भरून
हे तुझं, हे तिचं, करत नाही.
पण तो थोडा वेळ असतोच.
मला तेवढाच दुरुस्त करायचा होता.

अकराव्या रात्री, दोन वाजून काही मिनिटांनी,
सात फोन, चार ब्राउझर, दादांचाही,
आणि नोंदवहीत खाली खाली
नुसत्या आडव्या रेघा.
मी त्या रेघांकडं बघत बसलो. एकेक रेघ
म्हणजे कुणीतरी नीट पोचलेलं.

पुढच्या मंगळवारी लॅबमध्ये गेलो. प्रिंटर ठीक होता,
मी उगाच त्याचं झाकण उघडून उभा राहिलो.
सुकुमारनं वाचलं, नाव, वय, तपासणी.
मग थांबला. डोळे बारीक केले.
"स्रोत… काय नाही," म्हणाला,
"येऊ द्या."

बाकावरून कुणीतरी उठलं.
मी कागदाच्या ट्रेमध्येच बघत होतो.