अकराव्या पायरीवर

इब्रीबाहेर, पाऊस पडून नऊ दिवस झालेले,
खल्फाननं गाडी थांबवली टायर बघायला.
मी उतरले, आणि समरच्या विरळ सावलीत
वाळवीच्या मातीवर हे उभं:
वीतभर, खरबरीत, मळकट पांढरं,
कुणीतरी रोवून विसरलेली
मिटलेली छत्री.

"फगा?" मी विचारलं.
"छे. फगा जमिनीखाली असतो, त्याला किंमत येते.
हे काहीच नाही."

काहीच नाही ते मी
पोळीच्या कागदात गुंडाळलं.
प्लास्टिकमध्ये घामेजतं, कुजतं.

दिवसभर मी लोकांचं रक्त बघते.
रात्रपाळीत तीन ते साडेचार,
इमर्जन्सीचा फोन वाजला नाही तर,
सूक्ष्मदर्शक माझा.

पायरी एक. टोपीखाली पाती आहेत का?
उभं चिरलं. नाहीत. चारवर जा.
चार. देठ टोपीच्या शेंड्यापर्यंत आरपार?
हो. सातवर जा.
सात. भुकटीचा रंग.
कोऱ्या कागदावर रात्रभर ठेवलं, ठसा उमटेना.
हे सांडतच नाही काही,
आत धरून ठेवतं, फाटेपर्यंत.
चिमटीनं काढली: शाईसारखी? तपकिरी?
मला ती काकवीसारखी दिसली.
पुस्तकात काकवी नाही.
काळी धरून पुढे गेले.

अकरा. बीजाणू चौदा मायक्रॉनपर्यंत,
की त्याहून मोठे?
वीस मोजले. बारा, अकरा, सोळा, सोळा, तेरा...
निम्मे इकडे, निम्मे तिकडे.
पुस्तक म्हणतं, एक वाक्य निवडा.

पवनीच्या बाजारात बेनाबाई ढिवर
पळसाच्या पानावर सात्या मांडून बसायची.
तिच्या पायऱ्या तीनच:
वारुळावरचं खावं,
लाकडावरचं विचारून खावं,
शेणावरचं नुसतं बघून यावं.
हे वारुळावरचं, बेनाबाई.
पण चिरलं की भुस्सा. खायचं काय यात?
तिनं नाक मुरडलं असतं
आणि भाव वीस रुपयांनी उतरवला असता.

शुक्रवारी परत गेलो. आणखी पाच होती.
शेळ्यांमागून एक म्हातारी आली, थुरय्या,
तिनं एक मोडलं, भुकटी अंगठ्यावर घेतली
आणि नव्या करडाच्या कपाळावर ओढली.
काळी रेघ. आता हे तिचं.

नाव विचारलं. तिनं सांगितलं.
खल्फानला कळलं नाही, तिची बोली डोंगरापलीकडची.
पुन्हा सांगितलं, यावेळी मला, मोठ्यानं,
बहिऱ्याला सांगतात तसं.
मी वहीत देवनागरीत उतरवून घेतलं.
मधलं अक्षर द लिहिलं, खोडलं,
ड लिहिलं, तेही खोडलं.
तिच्या जिभेखाली जे होतं
त्याला माझ्या बाराखडीत घर नव्हतं.

मस्कतच्या प्राध्यापकांना फोटो पाठवले.
उत्तर आलं सतरा दिवसांनी:
बहुधा नेहमीचंच असावं.
नसेलही. वाळवून पाठवा.

वाळवलं, एक्स-रेच्या यंत्रामागच्या गरम भिंतीला लावून.
पाकिटावर लिहिलं:
इब्री, समरखाली, वाळवीच्या मातीत. फेब्रुवारी.
प्रजाती, आणि पुढे टिंब टिंब.
स्थानिक नाव: ते खोडलेलं अक्षर
खोडलेलंच ठेवून.
गोळा करणार: कुंदा मेश्राम.
हुद्दा विचारला नव्हता.
रेसिडेन्सी कार्डावर आहे तो लिहिला,
"तंत्रज्ञ, इतर".

सकाळी तापाचा पेशंट, सियालकोटचा ट्रकवाला,
तीन दिवस हुडहुडी.
काच रंगवली, भिंगाखाली सरकवली,
आणि तांबड्या पेशींच्या गर्दीत
एक काळा गोल,
सगळ्यांच्या दीडपट,
जाड कवचाचा, निवांत.
माझ्या नखातून आलेला.

सवयीनं मोजला. बारा.
मग हात धुतले, दोनदा,
आणि त्याचं बोट पुन्हा टोचलं.
"पहिलं बिघडलं का?" त्यानं विचारलं.
"नाही," मी म्हटलं, "त्यात दुसरंच कुणीतरी आलं होतं."