दोष, टक्क्यांत

कंपूच्या मैदानावरून परतताना
कोणी कोणाशी बोललं नाही
थेट लाखनच्या टपरीपर्यंत.
मग एकदम सगळेच.

शून्य-एक. त्र्याऐंशीवं मिनिट.
जानेवारीचं धुकं गोलखांबांना टेकलेलं
आणि त्यातून तो चेंडू, इतका सावकाश,
जसा वाटेत दोन घरी विचारपूस करून आलेला.

टोकेकरकाकांनी कोटाच्या आतल्या खिशातून वही काढली.
एजी ऑफिसात एकतीस वर्षं ऑडिट.
काका निवृत्त झाले, लाल पेन्सिल नाही.
‘बोला. दहापैकी.’

वीरूला सहा.
‘सहा? त्याची नि त्याच्या डाव्या पायाची
ओळख तरी झालीय का?’
बरं, साडेपाच.
नफीसला सात, कारण तो पळाला;
मग चार, कारण कुठल्या दिशेला पळाला
ते शितोळ्यांच्या बंड्याला आठवलं.
कप्तान महाडिकला पाच,
ज्याच्याबद्दल काहीच वाटत नाही
त्याला देतात तसे.

‘हरीश बाथम, गोली.’
लाखनचा स्टोव्ह तेवढा बोलत होता.
‘दोन,’ मी म्हणालो.
मीच पहिला म्हणालो.

मग दोष.
दोष टक्क्यांत घ्यायचा ही काकांची रीत,
म्हणजे हवेत काही राहत नाही.
हरीश, चाळीस.
डावा बॅक, जो ऐन वेळी बुटाची नाडी बांधत होता, तीस.
कोच पंचवीस, वीरूला बाहेर काढला नाही म्हणून.
रेफरी वीस, त्याची सासुरवाडी मुरारची,
आणि जिंकलं कोण? मुरार.
मैदानाला पंधरा: काल तिथे लग्नाचा मांडव होता,
खुंट्यांची भोकं कोणी बुजवली नाहीत.
धुक्याला दहा.

काकांनी बेरीज केली.
मग खालून वर केली.
‘एकशे चाळीस.
गोल एक, आणि दोष चाळीस टक्के जास्तीचा.
कुठेतरी चुकीच्या नावावर चढलाय.’
‘धुक्याचे काढा,’ बंड्या.
‘धुकं होतं,’ काका म्हणाले. ‘मी स्वतः पाहिलं.’

तेवढ्यात तो आला. दुधाची पिशवी घ्यायला.
स्वेटरच्या खिशातून हातमोजे लोंबत होते,
दहाही बोटं चिखलाने ताठ.
आम्ही गजकच्या भावावर बोलू लागलो,
यंदा तीळ किती महाग, वगैरे.

हरीश वहीपाशी थांबला.
वही त्याच्याकडून उलटी होती,
पण एक आकडा वाचायला किती वेळ लागतो.
‘दो?’
मग पिशवीचं पाणी पँटला पुसत:
‘मैं तो ले ही रहा था, चाचा.
पीछे से किसी ने कहा,
छोड़, बाहर है.’

‘कोण म्हणालं?’
‘दिखा नहीं. धुंध थी.’

जाळ्याच्या मागे, विटांच्या ढिगावर
आम्ही तिघंच उभे होतो.
बंड्याचा घसा कालच्या वरातीपासून बसलेला.
काका ओरडत नाहीत, लिहितात.

मी चहावर फुंकर घातली.
चहा केव्हाच निवला होता,
तरी घालत राहिलो.

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. एकदाच.
मग रबर काढून हरीशचं नाव खोडलं,
चाळीस तसेच ठेवले,
आणि समासात, ऑफिसात लिहायचे त्या अक्षरात:
आक्षेप प्रलंबित.

हरीश गेला. दोनाचे किती झाले
ते विचारलंही नाही त्याने.
लाखनने ग्लास गोळा केले,
माझा अर्धा भरलेला.

‘येत्या रविवारी रेल्वेशी आहे,’
बंड्या घोगऱ्या आवाजात म्हणाला,
‘विटांवरून छान दिसतं, नाही?’

मी म्हटलं, बघू.