केळीच्या काट्यावर

भरिताची वांगी स्वस्त झाली त्या आठवड्यात
मनालीच्या दुकानदारानं स्कीच्या दोन जोड्या पाठवल्या.
चिठ्ठी होती: एक ठेवा, एक परत करा, मॅडम,
खरचटलेली चालणार नाही.

भुसावळहून सावद्याला रिक्षात आणताना
टोकं बाहेर राहिली.
फैजपूरच्या चौकात एकानं विचारलं,
वखराची पास हाय का व माय, येवढी लांब?
मी हो म्हणाले.
कडेला पोलाद आहेच.

अठरा जानेवाऱ्या मी संस्थेच्या स्कींवर घसरले,
पुरुषांच्या मापाच्या, माझ्या डोक्यावर वीतभर उंच.
वळायचं म्हटलं की आधी त्यांना विचारावं लागायचं.
पीटीच्या बाईंचे गुडघे आता एक्केचाळीस वर्षांचे आहेत,
पोरी मैदानात बाराशे मीटर पळतात तेव्हा
मी शिट्टी घेऊन कोपऱ्यात उभी राहते.

पहिली जोडी जांभळी, वर फुलं काढलेली.
बायकांची म्हणजे काय, तर फुलं.
दुसरी करडी, साधी,
पण पाय ठेवायची खूण बोटभर पुढे सरकवलेली,
टोक जरा नरम.
कुणीतरी खरंच एखाद्या बाईला
उतारावर उभं करून पाहिलं असणार.

प्रल्हाद फेगड्यांच्या काट्यावर
केळीचे घड उतरवून दोन्ही मोजल्या.
जांभळी दोन किलो चारशे. करडी दोन नऊशे.
संस्थेची, मला पाठ आहे, चार चारशे.
प्रल्हाद म्हणाला, पाचशे ग्रॅम म्हंजे चार केळं,
चार केळांसाठी येवढा इचार?
त्याला कसं सांगू,
सकाळी हजार पावलं वर चढताना
ती चार केळं पायाला बांधलेली असतात.

सुपडू मिस्तरीनं दोन्ही कानाशी धरून वाजवल्या.
जांभळीला म्हणाला, पांगारा. नुसता पांगारा.
करडीला थोडा वेळ काही म्हणाला नाही.
मग म्हणाला, जू हलकंच पाहिजे,
बैलाच्या मानेले लागते,
पण वळताना फाटाले नको.

जिनिंगच्या आवारात कापसाचा डोंगर होता,
पांढरा, मऊ, मला हवा तेवढा उतार.
मॅनेजर लांबूनच ओरडला,
लोखंड घेऊन इकडे नाही! ठिणगी पडली म्हणजे?
बरोबरच होतं त्याचं.
तरी मी गेटपाशी जरा वेळ उभी राहिले.

रात्री गच्चीवर जुनी गादी टाकली.
थंडी बरी होती, आठ अंश असेल,
उत्तरेला सातपुड्याची काळी रेघ.
आधी जांभळीवर उभी राहिले, गुडघे वाकवले, पुढे झुकले.
ती लगेच वाकली, पण परत काही बोलली नाही.
पहाटेच्या काचेसारख्या बर्फावर ही थरथरत राहील,
ताज्या भुरभुरीत बर्फात मात्र राणी.
पण मला पहाटही हवी आणि दुपारचा चिखलही,
आणि देवदारांमधली ती अरुंद वाट,
जिथे मागच्या साली मी बसून उतरले.
एकच चप्पल शेतात, लग्नात आणि दवाखान्यात,
सगळ्या बायका घालतात तशी.

करडीवर झुकले.
तिनं तळपायाला खालून
हळूच उलटं दाबलं.

खाली शेजारची सरोज विचारत होती,
गच्चीवर कोण हाय व?
मी उत्तर दिलं नाही,
डावीकडे वळत होते.

जांभळी सोपटाच्या दोरीनं बांधली,
एक चरा नाही.
पार्सलच्या खिडकीतल्या माणसानं विचारलं, आत काय?
आणि मी सांगेपर्यंत
त्यानं लिहून टाकलं, लाकडी सामान.