सारख्या अंतरावर

शनिवारी रात्री साडेअकराला पडद्यावर हिरवे चौकोन उगवले.
आधी दोनच, फरशीच्या नमुन्यावर.
म्हटलं, माझ्याच हातून काही सांडलं असेल.
मग रांग लागली, वरून खालपर्यंत.
सोमवारी कॅटलॉग द्यायचा होता,
स्वयंपाकघराच्या फरशा, एकशे चाळीस रंग,
आणि त्यातला एकही असा हिरवा नाही.

वूच शहरात जानेवारीत खिडकी कुणी उघडत नाही.
मी उघडली. केसचं झाकण काढलं.
ग्राफिक्स कार्ड रादोमच्या एका माणसाकडून घेतलेलं, वापरलेलं.
'मुलगी खेळायची फक्त, तेही रविवारी,' असं त्यानं शपथेवर सांगितलेलं.
पंख्याच्या पात्यांवरची धूळ मात्र
आठवड्याचे सातही वार ओळखत होती.

केबल बदलली. तेच.
टीव्हीला जोडून पाहिलं. टीव्हीवरही तेच, फक्त मोठं.
ड्रायव्हर मुळासकट पुसला, नवा घातला;
पण कॉम्प्युटर नीट जागाही झाला नव्हता,
नुसतं कंपनीचं नाव उमटलं काळ्यावर,
तर त्या नावाच्या अंगावरही हिरवे डाग.
म्हणजे ड्रायव्हर बिचारा निर्दोष.
कार्ड उपसलं, सोनेरी दात
खोडरबरानं घासले, पुन्हा बसवलं. टक्.
तेच.

तेवढ्यात बोगुमिवाबाई खाली आल्या
आपला व्हॅक्यूम क्लीनर मागायला,
मंगळवारी नेलेला, मध्यरात्र उलटून गेल्यावर.
त्यांना झोप नसते. गिरणीत एकतीस वर्षं
दिव्याच्या काचेवरून सरकणारं कापड बघत बसायच्या,
चूक दिसली की खडूची खूण, कापड पुढे.
गिरणीत आता बूट विकतात.

पडद्यासमोर त्या उभ्या राहिल्या, कोट न काढता.
बोटं आडवी धरून मोजू लागल्या:
चार बोटं, डाग. चार बोटं, डाग.
'सूत वाईट असतं ना, तर डाग कुठंही पडतो.
सारख्या अंतरावर पडला,
तर सुताला बोल लावू नये. रूळ बघावा.'

मी स्क्रीनशॉट काढला, फोनवर पाठवला.
फोनच्या स्वच्छ काचेवरही ते चौकोन उतरले होते,
म्हणजे वाटेत कुठे नाही, चित्र जिथे विणलं जातं
तिथेच, कार्डाच्या मेमरीत, एखादी चिप गेलेली.
हे मी त्यांना समजावून सांगितलं.
'तेच म्हटलं मी,' त्या म्हणाल्या.

कार्ड काढून ठेवलं टेबलावर, अजून कोमट.
मॉनिटर थेट मदरबोर्डला जोडला.
चित्र आलं, मंद, जरा गरीब, पण स्वच्छ.
मी चहा ठेवायला उठलो.
'एक राहिलीये,' मागून आवाज.
'ही काय, वर, उजवीकडे. बारीक तार सुटल्यासारखी.'

मी नाक टेकेपर्यंत जवळ गेलो. काही नव्हतं.
पडदा बंद केला. त्या म्हणाल्या, आहे.
मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं,
आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मग उजवा डोळा तळव्यानं झाकला. गेली.
डावा झाकला. आली.
पुन्हा उजवा. पुन्हा डावा.
एकदा बघून थांबायची त्यांना सवयच नाही.

किटली शिट्टी घालत राहिली. कोण उठणार?
'खडू आहे का रे, कायेतान?' त्यांनी विचारलं,
हसल्या असाव्यात, हात अजून डोळ्यावर होता.
खडू नव्हता.
व्हॅक्यूम क्लीनर मीच वर नेऊन दिला,
चार जिने, आणि प्रत्येक वळणावर
दिवा लावत गेलो, त्यांच्या आधी.