सात पॉइंट दोन

शर्विलीच्या मावशीने कुठल्याशा बेटावरून व्हिडिओ पाठवलाय:
निळं पाणी, तळ दिसणारं,
मास्क लावून ती पोपटी माशांच्या मागे,
आणि एक कासव, बघून न बघितल्यासारखं करणारं.
"आजोबा, आपल्याकडे असं आहे का?"
आहे की, म्हणालो.
ऐरोलीच्या बोटीची दोन तिकिटं काढली.

बोटीची वेळ माणसं ठरवत नाहीत, पाणी ठरवतं.
सव्वादहा, अर्ध्या भरतीला.
नारिंगी जाकिटात ती एवढीशी झाली,
पट्टा दोनदा गुंडाळावा लागला.
सुकाणूवर हिराजी मढवी,
टोपीवर कुठल्याशा सिमेंटचं नाव.
"हात बाहेर नको कारू पोरी. खारी हाय ती, हौद नाय."

तिवरांची मुळं चिखलातून वर आलेली, शेकड्यांनी.
पेन्सिली टोचून ठेवल्यात, शर्विली म्हणाली.
एक निवटी काठाशी येऊन
फुगल्या डोळ्यांनी आम्हाला मोजून गेली.
पाणी, दूध जास्त झालेल्या चहासारखं.
"तळ कुठाय?"
मी गाळाबद्दल काहीतरी बोललो.

"सायेब कुठं व्हते कामाला?"
रबाळ्याला. कंपनीत.
लॅबमध्ये.
हिराजीने मान हलवली, नुसती.
"आमचा बा हय बोयटं धरायचा.
मंग एक वर्सी जाल्यान नुसता वास आला."
कुठलं वर्ष, ते मी विचारलं नाही.

एकवीस वर्षं एक रजिस्टर भरलं मी.
पाइपाच्या तोंडाशी बाटली धरायची,
कागदाची पट्टी बुडवायची.
पट्टी गुलाबी झाली तर तिची तिच्यापाशी.
रजिस्टरात सात पॉइंट दोन.
मध्येच एखादा सात पॉइंट एक, कधी तीन,
आकडे जिवंत वाटावेत म्हणून.
अक्षर सुरेख होतं माझं. तपासनीससुद्धा म्हणायचे.

इंजिन बंद.
आधी ती नुसती एक रेघ होती, धुऊन विटलेली.
मग रेघेला पाय फुटले.
डोकी खाली, चोची उलट्या,
आणि तो आवाज,
हजार जण एका पंगतीत आमटी भुरकताहेत असा.
वर विजेच्या जाड तारा, मागे ऐरोलीचा पूल.
त्यांच्या खिजगणतीत काही नाही.

"गुलाबी का पण?"
शेवाळ खातात, म्हणून.
"आणि शेवाळ का?"
हिराजी माझ्याकडे बघत होता,
की पाण्याकडे, टोपीखाली कळत नव्हतं.
शेवाळाला इथलं पाणी मानवतं, म्हणालो.
"कसलं पाणी?"
हे.

बराच वेळ गप्प होती.
मग मी नको म्हणायच्या आत
तिने हात कोपरापर्यंत खाडीत घातला,
बाहेर काढला, हुंगला,
तोंड वाकडं केलं,
आणि तस्साच ओला माझ्यासमोर धरला.
"काढा ना फोटो. मावशीला."
हिराजीने दोरी ओढली. इंजिन खोकलं.

फोटो हललेला आलाय.
मागे कुठेतरी गुलाबी फरकाटा.
बोटं तेवढी स्पष्ट,
आणि करंगळीवरून सुटू पाहणारा एक थेंब.
रात्री चष्मा लावून मी तो मोठा करून बघतो,
सवयीने आकडा जिभेवर येतो.
पट्टी नाही जवळ.