पासंग

तुर्भ्याला, मसाला मार्केटच्या मागच्या गल्लीत
चौदा नंबरचा गाळा माझा.
पाटीवर अजून मावजीभाईंचंच नाव,
खाली बारीक अक्षरांत : प्रो. प्रा. हेमांगी भोईर.
वजनकाटे दुरुस्ती. वर्षाचा शिक्का करून देऊ.
आणि त्याच्याही खाली, सहा वर्षांत चिकटत गेलेलं :
झेरॉक्स, लॅमिनेशन, मोबाइल कव्हर,
रिचार्ज, जूनपासून छत्र्या,
गणपतीत मखराच्या लायटी.

प्रत्येक गोष्ट आणताना कारण होतं.
स्वस्तातले काटे आले, बिघडले की फेकायचे,
तेव्हा झेरॉक्स आणलं.
झेरॉक्सचा हप्ता निघेना, तेव्हा कव्हरं.
कव्हरं पडून राहिली, तेव्हा छत्र्या.
हातातली कानस कोणत्या दिवशी खाली ठेवली
तेवढं मात्र आठवत नाही.

मार्चअखेरीला एका रात्री हिशेब मांडला.
डोळ्यांतून पाणी.
घरी म्हटलं, आज मिरचीच्या फार गाड्या उतरल्या.
सकाळी पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलं :
गाळा भाड्याने देणे आहे.
लावायला चिकटपट्टी शोधत होते
तेवढ्यात दिवाळ्याची चांगुणा कोळीण आली,
काखेत फडक्यात बांधलेली तागडी.
"माज्या आयची तागरी हाय.
गिराइक बोलतं, चांगुना काटा मारते.
कुनाचा रुपया मारला नाय मी, बाय."

उचलून धरली. दांडी थरथरली,
एका अंगाला कलली, आणि तिथेच राहिली.
पारडं उलटं केलं तर
बुडाला डांबर, डांबरात शिसं,
शिशावर चिंचेचा वाळका गोळा,
आणि सुतळीने बांधलेला एक नट.
आयुष्यभर ज्याने त्याने आपला पासंग लावलेला.
मध्ये कोणी बघितलंच नव्हतं.

मावजीभाई सांगायचे,
मी नववी नापास, झाडू मारायला लागले होते तेव्हा :
"पारडा खोटा नाय बोलते, पोरी. मधी बघ. मधी."

मधली पोलादी धार खाऱ्या वाऱ्याने खाल्लेली.
सगळं खरवडलं. रॉकेलमध्ये बुडवली.
मग कानस. मग तेलाचा दगड.
कोणी आधारची झेरॉक्स मागितली, म्हटलं पुढे जा.
फोन दोनदा वाजला, वाजू दिला.
बोटांना सगळं येत होतं,
मलाच विचारायचं राहिलं होतं त्यांना.
जेवणाचा डबा चार वाजता दिसला.

अर्धा किलो इकडे, अर्धा किलो तिकडे.
मग वजनांची अदलाबदल.
मग काहीच नाही, नुसती रिकामी पारडी,
आणि दांडी
भरतीच्या आधी खाडीचं पाणी असतं, तशी.
चांगुणा श्वास घेत नव्हती.
मीही.

पन्नास सांगितले. तिने घासाघीस करून चाळीस दिले.
वर सुकटीची एक पुडी,
न जोखता.

ती गेल्यावर तो खरवडलेला ऐवज
डिजिटल काट्यावर टाकला, उगीच :
एकशे बारा ग्रॅम.
मग बराच वेळ भिंतीवरच्या कव्हरांकडे बघत बसले.

छत्र्या हमालांना निम्म्या भावात दिल्या.
कव्हरं कोपरखैरण्याचा एक पोरगा घेऊन गेला.
झेरॉक्स आहे अजून; हप्ते आहेत पाच तारखेचे, अकरा.
सगळा पासंग एका दिवसात निघत नाही.
पण आता दाणाबंदरात सकाळी स्वतः फिरते,
पेढीपेढीवर विचारते : शेठ, काटा कधी तपासलाय?
काही हसतात. दोघांनी काल बोलावलं.

आणि तो पुठ्ठा फेकला नाही.
शेगड्याखाली अंथरते, कानस चालवताना.
लोखंडाचा कीस पडत राहतो त्याच्यावर.
संध्याकाळी झटकला
की तेवढ्यापुरतं "भाड्याने" वाचता येतं.
सकाळी पुन्हा झाकलं जातं.