मंगळवार-शुक्रवारचा रोगी

मंगळवारी आणि शुक्रवारी, नऊ ते साडेबारा,
माझी डावी बाजू गेलेली असते.
बाकीचे दिवस ठणठणीत.
तासाला अकराशे येन, वर जेवण,
आणि बर्फ फार पडला
तर केंद्राची गाडी घरापर्यंत सोडते.

हासुमीबाईंच्या वर्गात फळा नाही.
एक पलंग, एक चाकाची खुर्ची,
एक टब, त्यात पाणी नाही,
आणि मी: कातागिरी, वय चौऱ्याहत्तर, वजन एकसष्ट,
याच सांजो गावात चाळीस वर्षं कात्र्या घडवलेला.
"यांना उठवा," त्या म्हणतात.
कसं, ते सांगत नाहीत.

फ्लोरेस बेटावरचा मार्सेलुस काखेत हात घालून
तांदळाचं पोतं ओढावं तसा मला ओढतो.
दुखलं तर मी ओरडायचं, असं ठरलेलं आहे.
खोटं ओरडायची वेळ अजून आली नाही.

मग बाई त्यालाच आडवा करतात.
कोपराला फळी, गुडघ्यांना वजनं,
डोळ्यांवर पिवळट चष्मा, कानांत बोळे,
आणि मागून कुणीतरी, न सांगता,
त्याला कुशीवर वळवतं.
एवढा दांडगा गडी,
पलंगाची कड सोडेना.
उठल्यावर बराच वेळ कुणाशी बोलला नाही.
दुपारी मला पेज भरवताना
त्याचा चमचा ओठांपाशी येऊन थांबला,
मी गिळेपर्यंत.

माझ्या मालकाने मला तीन वर्षं झाडू दिला,
कोळसा दिला, शिव्या दिल्या. कात्री नाही.
"ऐक," एवढंच म्हणायचा,
पाती मिटताना होणारा बारीकसा आवाज.
एकदा काळा दिसला म्हणून तुकडा उचलला,
तो आतून तापलेलाच होता.
मालक बघत होता. बोलला नाही.
तळहातावर डाग आहे अजून,
आणि त्याला मी शिकवणं समजत आलो.
मीही तिघांना तसंच शिकवलं.
दोघे पळाले.
तिसरा टॅक्सी चालवतो, नववर्षाला कार्ड पाठवतो,
त्यात कात्र्यांचा विषय नसतो.

हात बसायला काहीतरी लागतंच,
लोखंड नाहीतर माणूस.
लोखंड ओरडत नाही, एवढाच फरक,
आणि तो मला इथे, पलंगावर पडल्या पडल्या कळला.

ई म्याट मोन मंडालेकडची. जपानी कच्चं.
ती आधी गुडघे टेकते,
तिचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर येतात,
माझी पावलं ती मागे सरकवते,
मला पुढे वाकू देते, आणि मोजते.
घाईत जपानी आकडे विसरते, स्वतःचे घेते:
तिट्, न्हित्, थोन.
थोनला मी उभा असतो.
नाक पायाच्या बोटांवर आलं
की माणूस आपसूक उठतो.
रोज उठत होतो,
पण हे ठाऊक नव्हतं.

गेल्या शुक्रवारी तिने मला पकडलं.
"कातागिरी-सान, डावा हात गेलाय ना?"
"गेलाय."
"मग माझी बाही कुणी धरलीय?"
बघतो तर खरंच.
वर्ग खिदळला. मार्सेलुस सगळ्यांत जास्त.
हासुमीबाईंनी पगार कापायची धमकी दिली.
मी बाही सोडली.
सोडायला जरा वेळ लागला,
आणि तेवढ्या वेळात ती
हसायची थांबली होती.

रात्री घरी टबाच्या कडेवर बसलो.
पावलं मागे घेतली, पुढे वाकलो.
तिट्.
न्हित्.
तिसरा आकडा तिच्यासारखा जमत नाही,
जीभ कुठे लावते कोण जाणे.
मंगळवारी विचारतो.